गोठ्यातली राजदूत

मागच्या महिन्यात आम्ही शेळ्यांच्या विम्याबद्दल बोललो होतो. आज विषय जरा वेगळा आहे. ऐकून काही जणी म्हणतील, हे काय बायकांचं काम? आमच्या गटातही आधी तसंच म्हणणं पडलं होतं. पण गटाचे पंधरा हजार रुपये एका गंजक्या मोटारसायकलीत अडकले, तेव्हा ते काम आपोआपच आमचं झालं.

झालं असं. आमच्या गटातल्या एका वहिनीच्या गोठ्यात सासऱ्यांची राजदूत उभी होती. सासरे जाऊन आठ वर्षं झाली. त्यांनी हयातभर या गाडीवरून दूध घातलं. ते गेल्यावर गाडीवर पोती पडली, सीटमधला काथ्या उंदरांनी नेला, कोंबड्या मागच्या मडगार्डवर बसायला लागल्या. भंगारवाला येऊन बत्तीसशे रुपये सांगून गेला. वहिनी बैठकीत म्हणाली, "बत्तीसशे घेऊन मी काय करू? कर्ज द्या, गाडी चालू करते. दूध सेंटरला घालण्यापेक्षा तालुक्याला घरोघर घातलं तर लिटरमागे पंधरा रुपये जास्त मिळतात."

हिशेब आम्ही तिथंच मांडला. रोजचं दूध चौदा लिटर, म्हणजे दोनशे दहा रुपये जास्त. जाऊन येऊन अठ्ठावीस किलोमीटर, पेट्रोल आणि ऑइल मिळून पंच्याऐंशी. राहिले सव्वाशे. कुणी म्हणालं, त्यापेक्षा हप्त्यावर नवी गाडी घे. पण नव्या गाडीचा हप्ता हे सव्वाशे गिळून टाकतो आणि वर सुरुवातीला रोख भरावी लागते. मिस्त्रीनं जुन्या गाडीचा अंदाज बारा हजार सांगितला. आम्ही पंधरा मंजूर केले.

आमच्यातल्या थोरल्या जणींना राजदूत सांगायला नको. एस्कॉर्ट्स कंपनीची गाडी. तेच ते, ज्यांचे ट्रॅक्टर आपल्या शिवारात फिरले. १९६२ पासून त्यांनी पोलंडच्या एसएचएल नावाच्या मोटारसायकलीच्या नमुन्यावर ही काढली. एक सिलिंडर, १७३ सीसी, टू-स्ट्रोक इंजिन. १९७३ च्या 'बॉबी' सिनेमात दिसली ती छोटी राजदूत वेगळी, आपली दूधवाल्यांची ती मोठी. पुढं प्रदूषणाचे नियम कडक होत गेले आणि टू-स्ट्रोक मोटारसायकली बाजारातून गेल्या. पण खेड्यात त्या अजून भिंतीला टेकून उभ्या आहेत, कारण त्यांच्यात बिघडण्यासारखे भाग थोडे आणि बहुतेक भाग दुरुस्त होणारे.

टू-स्ट्रोक म्हणजे काय, हे मिस्त्रीनं आम्हाला इंजिन उघडून दाखवलं. आजच्या गाडीत इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवलेलं असतं, तेच फिरत राहतं आणि सगळ्या भागांना लागतं. टू-स्ट्रोकमध्ये तसा साठा नाही. पिस्टन वर गेला की पेट्रोल आणि हवा त्याच्या खालच्या पोकळीत ओढली जाते, खाली आला की तीच हवा दाबून वरच्या बाजूला ढकलली जाते. व्हॉल्व्ह नाहीत, सिलिंडरच्या भिंतीला खिडक्या आहेत, पिस्टनच त्या उघडतो आणि झाकतो. खालच्या पोकळीतून पेट्रोल जातं म्हणून तिथं ऑइल साठवता येत नाही. म्हणून ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं. पेट्रोलबरोबर ते आत जातं, बेअरिंगला आणि पिस्टनला लागतं, मग जळून धुरातून बाहेर पडतं. टू-स्ट्रोकचा तो निळसर धूर आणि वास त्याचाच. गिअरचं ऑइल मात्र वेगळं, ते वेगळ्या कप्प्यात. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं हिच्यामुळंच आमचं नुकसान झालं.

पहिली गोष्ट, जाम झालेल्या गाडीला किक मारू नका. आमच्या वहिनीच्या पुतण्यानं पहिल्याच दिवशी उड्या मारून किक मारली. नशीब, काही तुटलं नाही. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत पिस्टन सिलिंडरला गंजानं धरून बसतो. प्लग काढायचा, त्या भोकातून थोडं डिझेल आणि थोडं ऑइल ओतायचं आणि चार दिवस गाडीला विसरायचं. मग शेवटच्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हातानं हळूहळू पुढं-मागं करायचं. आमचं पाचव्या दिवशी हललं. तेव्हा आत्याबाई, म्हणजे वहिनीच्या सासूबाई, उंबऱ्यात उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत, आत जाऊन सगळ्यांना चहा टाकला.

इंजिन खोललं तेव्हा अंदाज बदलला. सिलिंडरला रेघा पडल्या होत्या, म्हणजे बोअर करून एक साइज मोठा पिस्टन घालणं आलं, ते धरलेलं होतं. पण क्रँकचा रॉडही ढिला निघाला. मिस्त्रीनं रॉड हातात धरून वर-खाली करून दाखवला, खटखट ऐकू येत होती. त्याचे सव्वीसशे वेगळे. क्रँकच्या दोन्ही बाजूंची ऑइल सील बदलायलाच हवीत, ती स्वस्त असतात. टू-स्ट्रोकमध्ये खालची पोकळी हवाबंद नसेल तर गाडी धड चालत नाही, आणि सीलमधून बाहेरची हवा आत शिरली तर पेट्रोल कमी पडून इंजिन तापतं. मिस्त्री "चालतील, राहू द्या" म्हणाला तरी ऐकू नका. टाकीच्या डागासकट बाकीचं किडूकमिडूक सतराशेचं झालं आणि बारा हजाराचे सोळा हजार तीनशे झाले. बंद इंजिनाचा अंदाज म्हणजे झाकलेल्या टोपलीचा अंदाज. आता आमच्या गटात अशा कामाला मिस्त्रीच्या आकड्यावर तिसरा हिस्सा धरूनच चर्चा होते.

टाकीचं काम मात्र आम्ही घरी केलं, आणि त्याचा आम्हाला अजून अभिमान आहे. टाकीत आत सगळा तांबेरा. तो तसाच ठेवला तर गंजाची भुकटी कार्ब्युरेटरमध्ये जाऊन गाडी दर चार मैलांवर बंद पडते. उरलंसुरलं पेट्रोल काढून साबणाच्या पाण्यानं टाकी धुतली. सायकलची जुनी चेन आत टाकली, पण तिच्या एका टोकाला दोरी बांधून दोरी बाहेर ठेवली, नाहीतर चेन आत जाते ती बाहेर येत नाही. नट किंवा खडे घालू नका. एकतरी आत राहतोच. मग गरम पाण्यात सायट्रिक ॲसिड, वाण्याकडं लिंबाचं सत्त्व म्हणून मिळतं ते, लिटरला मूठभर. टाकी भरली, झाकण उघडं ठेवलं, कारण आतून वायू सुटतो, आणि चुलीपासून लांब ठेवली. अधूनमधून हलवत राहिलो. दोन दिवसांनी जे पाणी बाहेर आलं ते हिरवट-काळं होतं. मग खाण्याच्या सोड्याचं पाणी घालून आंबटपणा मारायचा, साध्या पाण्यानं धुवायचं, उन्हात वाळवायचं आणि वाळल्या वाळल्या आत थोडं ऑइल घालून सगळीकडं फिरवायचं. आम्ही ऑइल संध्याकाळी घालू म्हटलं, तर संध्याकाळपर्यंत आत पुन्हा भगवा थर! ओलं उघडं लोखंड वाट बघत नाही. पुन्हा सगळं केलं.

तळाशी सुईएवढं भोक सापडलं, त्याला डाग द्यावा लागला. टाकीला आच लावणं हे घरचं काम नव्हे. धुतलेल्या टाकीतही पेट्रोलची वाफ राहते आणि टाकी फुटते. ज्याला ती टाकी पाण्यानं पूर्ण भरून वाफ काढायची माहिती आहे त्याच्याकडंच द्या.

फ्रेमचा गंज वायर ब्रश आणि पॉलिश पेपरनं काढला, तोंडाला ओढणी आणि डोळ्याला चष्मा लावून. मग रेड ऑक्साइड, मग रंग. चकाकीच्या भागांना, म्हणजे रिम, हँडल आणि सायलेन्सरला, स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियमचा कागद चुरगाळून पाण्यात बुडवून घासला. वरवरचा गंज निघतो, खाली चकाकी शिल्लक असेल तर दिसते. जिथं चकाकीच खाल्ली गेली आहे तिथं काही होत नाही, उगाच हात दुखवू नका. चाकाचे गंजलेले आरे मात्र बदलले. ओझ्याची गाडी आहे, ते तुटले तर चाक वाकतं.

इथंच एक मोठा अनर्थ टळला. रंगवाला ग्राइंडर घेऊन आला होता. अर्ध्या तासात सगळी फ्रेम लख्ख करतो म्हणाला. आमच्यातल्या एकीनं, जिचा भाऊ गाड्यांच्या पासिंगची कामं करतो, तिनं ग्राइंडर बंद करायला लावला. चॅसीवर नंबर कोरलेला असतो. तो घासला गेला तर गाडी कितीही चांगली चालली तरी आरटीओमध्ये ती चोरीची की तुमची हे सांगता येत नाही. आरसी बुकातला चॅसी नंबर आणि इंजिन नंबर हातात घेऊन आधी ते दोन्ही आकडे गाडीवर शोधा. मातीखाली, गंजाखाली असतील. रॉकेलच्या बोळ्यानं हळू पुसा. आकडा जुळला की त्यावर चिकटपट्टी लावा, मग बाकीचं काम. गाडीत इंजिन दुसऱ्याचं बसवलेलं निघालं तर तिथंच थांबा. एक रुपयाही पुढं घालू नका.

आणि आता आमची चूक. आरसी बुक आम्ही बघितलं होतं, नंबर जुळवले होते, पण त्यावरचं नाव कुणाचं याचा विचार केला नाही. नाव सासऱ्यांचं. सासरे वारलेले. म्हणजे गटाचे पंधरा हजार आम्ही वारलेल्या माणसाच्या गाडीवर लावले होते. टाकीला निळा रंग चढला, गाडी अंगणात उभी राहिली आणि वेगळे राहणारे धाकटे दीर आले. आठ वर्षं "भंगारात घाला" म्हणणारे भाऊजी आता म्हणाले, "वडिलांची गाडी आहे, माझाही वाटा आहे." ते काही खोटं बोलत नव्हते. कायद्यानं आत्याबाई, दोन मुलगे आणि लग्न झालेली नणंद, सगळ्यांचाच हक्क. सुनेचा, नवरा हयात असताना, थेट काहीच नाही. कर्ज मात्र सुनेच्या नावावर.

त्या बैठकीत आम्ही एकमेकींना बरंच बोललो. ज्यांनी कर्जाला आधी विरोध केला होता त्यांनी ते ऐकवलं. ऐकवायलाच हवं होतं. वहिनी दोन बैठका आली नाही.

वाट काढली ती आत्याबाईंनी. मुलांना समोर बसवून म्हणाल्या, "ह्यांनी दूध घातलं म्हणून तुम्ही दोघं शिकला. गाडी माझ्या नावावर करा, मग मी बघते." मालक वारल्यावर गाडी वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो. त्याबरोबर मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा आणि बाकी वारसांची हरकत नसल्याचं प्रतिज्ञापत्र. नियम असा की तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत अर्ज करायचा. आम्हाला आठ वर्षं झाली होती, म्हणून दंड भरला. बुक जुनं, हातानं लिहिलेलं. कॉम्प्युटरवर गाडीची नोंदच नव्हती, ती आधी चढवून घ्यावी लागली. त्यात दीड महिना गेला. भाऊजींनी सही केली, पण गाडी त्यांच्या पोरानं चालवायची आणि त्याला रोज द्यायचा या बोलीवर. वहिनीकडं गिअरच्या गाडीचं लायसन नव्हतंच, म्हणून तेही बरंच पडलं. मग आत्याबाईंकडून वहिनीच्या नावावर, फॉर्म २९ आणि ३० भरून. घरात कुणी वारलं असेल आणि गाडी, ट्रॅक्टर त्यांच्याच नावावर असेल, तर या आठवड्यात काढून बघा. गाडी चालू करायच्या आधी सह्या घ्या. भंगारावर सह्या लवकर मिळतात.

पंधरा वर्षांनी गाडीची नोंदणी संपते. ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. अर्ज फॉर्म २५, पर्यावरण कर, आणि गाडी चालू स्थितीत तपासणीला न्यावी लागते. वयावरून सरसकट बंदी आपल्याकडं नाही. गाडी तपासणीत पास झाली पाहिजे. विमा हवाच, निदान थर्ड पार्टीचा. पीयूसी दर सहा महिन्यांनी.

एक जण आम्हाला सांगत होता, "व्हिंटेजमध्ये नोंदवा, लाखात किंमत येईल." पन्नास वर्षांपुढची, मूळ रूपात राखलेली गाडी २०२१ च्या नियमाप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंदवता येते हे खरं. पण नव्या नोंदणीची फी वीस हजार, आणि ती गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. प्रदर्शनाला, रॅलीला न्यायची. ज्याला शोभेला ठेवायची आहे त्यानं तसं करावं. दुधाच्या गाडीला ते कागद म्हणजे साखळदंड.

आता सजवणं. पुतण्याच्या मोबाइलमध्ये शहरातल्या पोरांनी बदललेल्या राजदूत होत्या. मागचं मडगार्ड कापलेलं, हँडल गळ्यापर्यंत वर, सायलेन्सर पोकळ केलेला. त्यालाही तशीच हवी होती. पोराची हौस होती, आम्ही हसलो नाही. पण कायदा असा आहे की नोंदणीत लिहिल्यापेक्षा गाडीची मूळ रचना बदलता येत नाही. आणि टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सर हा नुसता आवाज मारायला नसतो. त्यातून उलट येणारा दाब ताजं पेट्रोल सिलिंडरमध्ये धरून ठेवायला मदत करतो. तो पोकळ केला की आवाज वाढतो, ताकद आणि ॲव्हरेज दोन्ही जातं. शेवटी त्याला रंग निवडू दिला. तो निळा त्याचाच. टाकीवरची पांढरी रेघही.

आम्ही बदल केले ते नट-बोल्टचे, कधीही काढता येतील असे. फ्रेमला वेल्डिंग कुठंच नाही. मागच्या सीटच्या जागी दुधाच्या कॅनसाठी चौकटीचा कॅरिअर केला, एकोणीसशे रुपये. २०२० पासूनच्या नियमात मोटारसायकलीवरच्या डब्याचं माप ठरलं आहे: लांबी ५५० मिलिमीटर, रुंदी ५१०, उंची ५०० च्या आत. आणि मागच्या सीटच्या जागी डबा असेल तर गाडीवर चालवणारा एकटाच. आमचा कॅरिअर लोहारानं आधी दोन्ही बाजूंना हातभर बाहेर काढला होता, तो कापायला लावला. दुसरी गोष्ट साडी गार्ड. मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारी जाळी नियमानं सक्तीची आहे, जुन्या गाड्यांची ती कधीच गळून पडलेली असते. नवी करून बसवली. कॅरिअर काढून कुणी मागं बसलं तरी पदर चाकात जायला नको. दिवा सहा व्होल्टचा, बॅटरीही सहाची. बारा व्होल्टचा बल्ब लावला तर मिणमिणतो. दुकानदार "चालतोय" म्हणून देतो, घेऊ नका.

गाडी सुरू झाली. नवव्या दिवशी बंद पडली. तालुक्याहून येताना पेट्रोल संपलं, पुतण्यानं पंपावर नुसतं पेट्रोल भरलं आणि निघाला. ऑइल नाही. चार किलोमीटरवर पिस्टन तापून फुगला आणि सिलिंडरला धरला. नवा बोअर, नवा पिस्टन, नव्या रेघा. पुन्हा एकोणतीसशे. पोरगं दोन दिवस जेवलं नाही. आज रस्त्यावरच्या सगळ्या गाड्यांमध्ये पेट्रोल भरलं की झालं, त्याला कुठून सुचणार? सांगायचं आम्ही विसरलो होतो.

त्यानंतर वहिनीनं ते काम स्वतःकडं घेतलं. लिटरला चाळीस मिलि टू-टी ऑइल, औषधाच्या बाटलीच्या झाकणानं मोजून. आधी ऑइल थोड्या पेट्रोलमध्ये कॅनमध्ये हलवायचं, मग टाकीत. ऑइल जास्त झालं तर धूर होतो, प्लग काळा पडतो. कमी झालं तर काय होतं ते सांगून झालं. पेट्रोल एकदम फार भरून ठेवायचं नाही. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं, पाणी तळाशी बसतं आणि टाकी पुन्हा गंजते. जुन्या रबरी नळ्याही त्यानं मऊ होऊन फुटतात, म्हणून नळी नवीनच घातली. पावसाळ्यात चार-आठ दिवस गाडी उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करायची. काही महिन्यांनी सायलेन्सर काढून आतली काजळी खरवडायची, गाडी ओढेनाशी झाली की बहुतेक वेळा तेच असतं.

एकूण खर्च एकवीस हजार शंभर, कागदांचा वेगळा. पंधरा गटाचे, बाकी वहिनीनं दोन शेळ्या विकून घातले. सव्वाशेतून पुतण्याचा रोज गेला की हातात फार राहत नाही, म्हणून हप्ते आम्ही ठरवले त्यापेक्षा चार महिने जास्त चालणार आहेत. वहिनीनं शिकाऊ लायसन काढलं आहे. पुतण्या तिला सकाळी शाळेच्या मैदानावर शिकवतो, शेजारच्या बाया दूध तापायला ठेवून बघायला जातात. टाकीच्या झाकणावर पांढऱ्या रंगानं लिहिलं आहे, "ऑइल घातलं का?" अक्षर आत्याबाईंचं आहे. त्या चौथी शिकल्या आहेत.